पुराणातलं पात्र गेममध्ये आणताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेमसाठी पात्रं आणि त्यांच्या गोष्टी लिहिणं हे माझं काम. देव, दैत्य, ऋषी, राक्षस असं काही पात्र करायचं म्हटलं की टीममधली नवी मंडळी फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. उत्तरं तोंडी देऊन दमलो, म्हणून एकदाची लिहून काढली.

देवांना खेळात ओढायचं, हे आजकालचं फॅड आहे का?

अजिबात नाही. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, म्हणजे पत्त्यांचा जुना खेळ, एकदा हातात घेऊन बघा. गोल पानं, एकूण १२०. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी अशी बारा पानं. दिवसा डाव मांडला तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची उतारी, रात्री मांडला तर कृष्णाच्या राजाची. पाच रंगांत दश्शी वरचढ, उरलेल्या पाचांत एक्का. म्हणजे अवतार पानावर शोभेला काढलेला नाही. हातात कोणता अवतार आला यावर खेळाचा नियम फिरतो. आजच्या कितीतरी गेमना हे जमलेलं नाही.

सापशिडीचं आपल्याकडचं मूळ रूप म्हणजे मोक्षपट. परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. शिडी सद्गुणाची, साप दुर्गुणाचा. आणि वेरूळच्या २१ क्रमांकाच्या लेण्यात तर खुद्द शंकर-पार्वतीच फासे टाकत बसलेत, खाली गण नंदीला छळताहेत. देव खेळात आणल्याने बाटतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो दगड जरूर बघून यावा.

गेममधल्या आपल्या प्रतिमेला 'अवतार' का म्हणतात?

१९८५ च्या 'अल्टिमा ४' मध्ये खेळणाऱ्याचं ध्येयच मुळी 'अवतार' होणं हे होतं. शेवटी मारायला कोणी महाखलनायक नाही. आठ सद्गुण अंगी बाणवायचे, की झालात अवतार. पाठोपाठ १९८६ मध्ये 'हॅबिटॅट' या ऑनलाइन जगात पडद्यावरच्या आपल्या बाहुलीला हा शब्द लागला आणि तो तिथेच चिकटला. गंमत अशी की आपल्याकडे अवतार म्हणजे खाली उतरणं. 'अल्टिमा'त माणूस चढत चढत वर जातो. 'हॅबिटॅट'चा अर्थ संस्कृतला जास्त जवळचा: खेळणारा त्याच्या जगातून पडद्यावरच्या जगात उतरतो.

जपानी गेममध्ये आपले देव इतके कसे काय?

कारण जपानला ते परके नाहीत. बौद्ध धर्माबरोबर ते चीनमार्गे शेकडो वर्षांपूर्वी तिथे पोचले आणि तिथलेच झाले. सरस्वती बेन्झाइतेन झाली, इंद्र ताइशाकुतेन, लक्ष्मी किचिजोतेन, महाकाल दाइकोकुतेन, गणपती कांगितेन. गरुडाचा करुरा झाला. नारा शहरातल्या कोफुकुजी मंदिरात असुराची प्रसिद्ध मूर्ती आहे, इसवी सन ७३४ ची. तीन तोंडं, सहा हात, सडपातळ पोरसवदा अंग आणि चेहऱ्यावर काहीशी खंत. आपल्या कॅलेंडरातला मिशाळ, गदाधारी असुर डोळ्यांपुढे आणा आणि मग हा बघा. जपानी गेममध्ये 'आशुरा' नावाचं पात्र दिसलं की तीन तोंडं आणि सहा हात ठरलेले असतात, ते या परंपरेतून आलेले.

२०१२ मध्ये कॅपकॉमने आणलेला 'असुराज राथ' याच वाटेवरचा. त्यातला नायक असुर रागावला की त्याला आणखी हात फुटतात. एक शत्रू ग्रहाएवढा होऊन एका बोटाने त्याला चिरडायला बघतो आणि हा खालून ठोसे मारत ते बोट थोपवतो. विश्वरूप, वामनाचं तिसरं पाऊल, सगळं आठवतं. पण कथा आपली एकही नाही. उधारी आहे ती मापाची. एवढं अवाढव्य काहीतरी कल्पायचं धाडस आपल्या पुराणांत आहे आणि त्यांनी ते नेमकं ओळखलं.

दुसरा प्रकार 'मेगामी तेन्सेई' मालिकेचा. तिथे जगभरचे देव आणि भुतं एका यादीत नांदतात. तिच्यातूनच निघालेल्या 'पर्सोना'त बाली बेटावरच्या कथांतले बारोंग आणि रांगदा यांचा संकर केला की शिव मिळतो! याच घराण्यातला २००४ चा 'डिजिटल डेव्हिल सागा' मात्र मला मनापासून आवडतो. त्यातली माणसं वरुण, अग्नी, वायू, पृथिवी, द्यौस् अशी रूपं घेतात, ठिकाणांची नावं मूलाधार, स्वाधिष्ठान, मणिपूर अशी चक्रांवरून ठेवलेली, आणि शक्ती मिळवायची तर शत्रूला खावं लागतं. वरवर बीभत्स. पण 'मी अन्न आहे, मी अन्न खाणारा आहे' असं तैत्तिरीय उपनिषद आनंदाने गातं, ते ठाऊक असलेल्याला हा नियम ओळखीचा वाटतो. ठरवून केलंय की नशिबाने जुळलंय याच्याशी मला घेणं नाही. जुळलंय खरं.

'फायनल फँटसी'तला शिव बाई का आहे?

१९९० च्या तिसऱ्या भागापासून तिथे शिवा म्हणजे बर्फाची देवी. नावापलीकडे आपल्यातलं काही घेतलेलं नाही. कैलासावरचा बर्फ आठवून समाधान मानायचं असेल तर माना. १९९५ च्या 'मॉर्टल कॉम्बॅट ३' मधली चार हातांची शीवा त्याच जातीची: नाव ऐकायला बरं आणि हात जास्त. मला यात अपमानापेक्षा आळस दिसतो. ज्याच्या कंठात विष अडकलंय, ज्याने डोळा उघडून कामदेवाची राख केली, त्याच्याकडून फक्त नाव घ्यायचं?

मग पुराणातून उचलायचं तरी काय?

अट. हेच माझं उत्तर, आणि बाकीची उत्तरं यातूनच निघतात.

आपल्या पुराणातलं पात्र रूपावर उभं नसतं, ते अटीवर उभं असतं. वर, शाप, प्रतिज्ञा, उःशाप. हिरण्यकशिपू म्हटल्यावर त्याचा मुकुट कोणाला आठवतो? आठवतं ते 'घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही'. अभिमन्यू म्हणजे आत जाता येतं, बाहेर पडता येत नाही. भीष्म म्हणजे इच्छामरण आणि शिखंडीसमोर खाली आलेलं धनुष्य. गेम म्हणजे तरी काय, काय चालेल आणि काय चालणार नाही याची यादीच. पुराणांनी ती आधीच लिहून ठेवली आहे. आपण मात्र रुद्राक्ष, भस्म आणि त्रिशूळ उचलतो आणि यादी मागे सोडून येतो.

अस्त्रांचंच बघा. द्रोणवधानंतर अश्वत्थामा नारायणास्त्र सोडतो. त्याला प्रतिकार केला की ते आणखी भडकतं. कृष्ण ओरडून सांगतो: शस्त्रं खाली ठेवा, रथातून उतरा. सगळे उतरतात, एकटा भीम ऐकत नाही. त्याला ओढून खाली काढावं लागतं. आता हे गेममध्ये आणा. दोन तास ज्याने बटणं बडवली त्याला अचानक सगळी बटणं सोडून बसायचं आहे. दहापैकी नऊ जण भीमच निघतील. शिवाय हे अस्त्र पुन्हा वापरायला गेलं तर सोडणाऱ्यावरच उलटतं, हेही मूळ कथेतच आहे. डिझायनरला आणखी काय हवं?

एक अनुभव सांगतो. आम्ही एका छोट्या गेममध्ये कर्णाची वासवी शक्ती, म्हणजे इंद्राने दिलेलं, एकदाच वापरता येणारं अस्त्र, टाकली. पहिल्या आवृत्तीत ती दर दीड मिनिटाने पुन्हा भरायची. चाचणीला आलेली पोरं प्रत्येक मोठ्या शत्रूवर ती फेकून मोकळी व्हायची. कर्ण नुसता भारी झाला, कर्ण राहिला नाही. मग अख्ख्या गेममध्ये एकदाच, असं केलं. तर लोक ती जपून ठेवायला लागले. पुढे मोठा शत्रू येईल, पुढे येईल, करत करत मधल्याच एका अडचणीत ती खर्चावी लागायची आणि खेळणारा खुर्चीत मागे रेलून 'अरेरे' म्हणायचा. अर्जुनासाठी राखलेली शक्ती चौदाव्या रात्री घटोत्कचावर टाकावी लागलेल्या माणसाचं दुःख एकही संवाद न लिहिता पोचलं. आम्ही फक्त एक आकडा बदलला होता.

२०१५ च्या 'फेट ग्रँड ऑर्डर'मधला कर्ण दिसायला आपल्या ओळखीचा नाही: पांढरे केस, फिकट अंग, जपानी धाटणी. तरी तो कर्ण वाटतो, कारण कवच देऊन शक्ती मिळवल्याचा सौदा त्याच्या अंगात मुरवलेला आहे.

बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणारा मोठा शत्रू, म्हणून कोण चांगला?

रावण सोडून कोणीही. रावण वाईट म्हणून नव्हे, तो हजार वेळा झालाय म्हणून.

रक्तबीज घ्या. देवीमाहात्म्याच्या आठव्या अध्यायात येतो. रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की तिथून तसाच दुसरा उभा. म्हणजे जितका जोराने माराल तितके शत्रू वाढणार. तोडगा जास्त ताकदीचा नाहीच: थेंब जमिनीला लागू द्यायचा नाही, तो चामुंडा वरच्यावर पिते. दोघांनी मिळून खेळायचा याहून सुंदर प्रसंग मला माहीत नाही. एकाने मारायचं, दुसऱ्याने झेलायचं.

कबंध हा दुसरा. डोकं नाही, तोंड पोटात, हात योजनभर लांब. अरण्यकांडात राम-लक्ष्मण त्याचे हात तोडतात, त्याला जाळतात आणि मग तो शापमुक्त होऊन सुग्रीवाचा पत्ता सांगतो. बॉस हरला आणि त्याच्याकडून पुढची वाट मिळाली, आणि तीही कृतज्ञतेने. जरासंध सगळ्यांना माहीत आहे: उभा चिरला तरी दोन्ही फाकी पुन्हा जुळतात, त्या उलट्या बाजूंना फेकाव्या लागतात.

कथेच्या दहा आवृत्त्या असतात. खरी कोणती धरायची?

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला १९१९ मध्ये घेतली आणि ती १९६६ मध्ये पुरी केली. १,२५९ हस्तलिखितं तपासली. त्या मुख्य संहितेत गणपती महाभारत लिहून घेतोय हा प्रसंग नाही. गांधारीच्या नजरेने दुर्योधनाचं अंग वज्राचं झालं, तेही नाही. रावणाच्या बेंबीतलं अमृत वाल्मीकीत नाही, ते नंतरच्या रामायणांतलं.

म्हणून ते खोटं? गेमपुरतं तरी नाही. बेंबीतलं अमृत म्हणजे चक्क ठरलेलं मर्मस्थान, दुर्योधनाची मांडीही तशीच. ज्यांनी या गोष्टी शतकानुशतकं सांगितल्या त्या कीर्तनकारांना, आज्यांना आणि लोककलावंतांना खेळणाऱ्याचं डोकं आपल्यापेक्षा बरं कळत होतं असं माझं मत आहे. फक्त एक करा. कुठली आवृत्ती घेतली ते टीमला माहीत असू द्या आणि एकाच पात्रात तीन आवृत्त्यांची भेसळ करू नका.

गणपतीचा दातच घ्या. तो लेखणी करायला मोडला, चंद्रावर फेकला, की परशुरामाच्या परशूने तुटला? २०१७ चा 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी' होयसळांच्या मुलखात, पश्चिम घाटात घडतो आणि त्याने तिसरी कथा धरली. परशू वडिलांनीच, म्हणजे शंकराने, परशुरामाला दिलेला. तो फुकट जाऊ नये म्हणून गणपती वार दातावर घेतो. खजिना शोधणारी नायिका आपल्या वडिलांच्या ध्यासाचं ओझं वाहतेय, म्हणून तिला हीच कथा शोभते. चंद्राची कथा तिथे हास्यास्पद झाली असती.

चार हातांच्या पात्राचं ॲनिमेशन नीट होत नाही. काय करू?

रडू नका, सगळ्यांचं होत नाही. एका खांद्यातून दोन दंड काढले की वरचा हात उचलताना काखेतली जाळी (पात्राचा पृष्ठभाग जिने बनतो ती) चुरगळते आणि पात्र गळपटलेल्या कोटासारखं दिसतं. मूर्तिकारांनी यावर तोडगा काढलेला आहे: मागचे दोन हात बहुतेक वेळा स्थिर असतात आणि आयुधं धरतात; पुढचे दोन अभय, वरद किंवा प्रत्यक्ष कृती करतात. तुम्हीही मागच्या जोडीला फार धावपळ देऊ नका.

आणि हातातल्या वस्तू उगाच इकडच्या तिकडे करू नका. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म मांडायच्या चोवीस तऱ्हा होतात आणि प्रत्येकीला वेगळं नाव आहे: केशव, नारायण, माधव, गोविंद असं करत संध्येतली चोवीस नावं. ॲनिमेशन सोपं जावं म्हणून तुम्ही गदा उजवीकडून डावीकडे नेलीत की मूर्तिशास्त्र जाणणाऱ्यासाठी देव बदलला.

खेळणाऱ्याच्या हातात देव द्यावा का?

इथे जपून. झ्यूस किंवा थॉर यांच्याशी तुलना इथे फारशी चालत नाही. आपल्या देवांसमोर आज संध्याकाळी आरती होणार आहे. २००९ मध्ये प्लेस्टेशन २ वर हनुमानाचा गेम आला, २०१२ मध्ये 'स्माइट'मध्ये काली आली, २०१६ मध्ये 'ओव्हरवॉच'मधल्या सिमेट्रा या पात्राच्या 'देवी' वेशाची चर्चा झाली. तिन्ही वेळा अमेरिकेतल्या हिंदू संघटनेने हरकत घेतली, आणि मुद्दा साधारण तोच: भक्त स्वतःला देवाच्या हाती सोपवतो, इथे देवच खेळणाऱ्याच्या बटणावर नाचतो.

मला हा मुद्दा पूर्ण पटत नाही. रामलीलेत आणि दशावतारी नाटकात माणूसच देव होतो, मध्यंतरात बिडीही ओढतो. पण त्या मुद्द्यात डिझाइनचा एक खरा प्रश्न दडलेला आहे: मारुती खड्ड्यात पडून मेला आणि पडद्यावर 'पुन्हा प्रयत्न करा' आलं, तर ते कोणालाच बरं वाटत नाही. श्रद्धा बाजूला ठेवली तरी पात्र म्हणूनच ते खोटं वाटतं.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० च्या 'राजी'त यातून छान वाट काढली. नायिका साधी मुलगी, राजी. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघालेली. दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याबद्दल बोलतात, तिला शस्त्रं देतात, पण पडते, मरते, पुन्हा उठते ती मुलगी. देवाची अब्रू आणि खेळाची गंमत दोन्ही शाबूत. हैदराबादच्या ओगरहेडने २०१७ च्या 'असुर'मध्ये उलट टोक पकडलं: तुम्ही असुर, सूड देवांवर.

कायद्याची भानगड होईल का?

धार्मिक भावना जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने दुखावण्याचं कलम पूर्वी २९५अ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते २९९ आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. 'जाणूनबुजून' आणि 'दुष्ट हेतू' हे शब्द महत्त्वाचे, पण ते कोर्टात सिद्ध होईपर्यंतचा मनस्ताप तुमचाच. म्हणून हेतू कागदावर ठेवा: टिपणं, संदर्भ, का केलं ते.

नावांचा मालक कोणी नाही. 'रामायण' या शब्दावर एकट्याला ट्रेडमार्क मिळणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अगरबत्तीच्या एका प्रकरणात सांगितलं. चित्रांचं वेगळं. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची चित्रं मोकळी आहेत. एखाद्या टीव्ही मालिकेतला मुकुट मोकळा नाही. आपल्या डोक्यातली लक्ष्मी-सरस्वती बऱ्याच अंशी रविवर्म्यांच्या १८९४ मध्ये मुंबईत निघालेल्या छापखान्यातूनच आली आहे, तेव्हा 'अस्सल पारंपरिक रूप' म्हणण्याआधी जरा थांबा.

इंग्रजीत नावं लिहिताना काय गोंधळ होतो?

मोठा. रोमन लिपीत काली आणि कली सारखेच दिसतात. एक देवी, दुसरा कलियुगाचा पुरुष, नळाच्या अंगात शिरून त्याला द्यूतात हरवणारा. दोघांची खिचडी करून 'कलियुग आणणारी काली' असं पात्र मी स्वतः एका आराखड्यात खोडलं आहे. प्रत्येक नाव आधी देवनागरीत लिहा.

रामायण-महाभारताबाहेर काही आहे का?

ढीगभर. यक्ष, सिंह आणि पक्षी मिळून झालेला शरभ, दोन डोक्यांचा पक्षी गंडभेरुंड, मंदिराच्या खांबांवरचे व्याल नावाचे काल्पनिक प्राणी. ओडिया महाभारतात कृष्ण अर्जुनासमोर नवगुंजर होऊन येतो, नऊ प्राण्यांचं एक अंग. अर्जुन बाण लावतो आणि एक हात माणसाचा दिसताच थांबतो. खेळणारा थांबेल का, हा केवढा मोठा प्रश्न आहे! २०२२ मध्ये 'गेन्शिन इम्पॅक्ट'ने सुमेरू नावाचा प्रदेश उघडला आणि तिथल्या जंगलातल्या लांबलचक कथेला 'आरण्यक' (वेदांचा अरण्यात अभ्यासायचा भाग) नाव दिलं. परक्यांनी आरण्यकापर्यंत मजल मारली, आपण अजून धनुष्याच्या टणत्कारात अडकलोय.

इतकं वाचायला वेळ नाही. एकच पात्र सुचवा.

बर्बरीक. घटोत्कचाचा मुलगा, भात्यात तीनच बाण. लोककथेतली त्याची प्रतिज्ञा अशी की जो पक्ष हरत असेल त्याच्या बाजूने लढायचं. तो उतरला की ती बाजू जिंकायला लागते, म्हणजे दुसरी हरायला लागते, म्हणजे त्याने तिकडे जायला हवं. कृष्ण हे ओळखतो आणि युद्धाआधीच त्याचं मस्तक मागून घेतो. ते मस्तक मग टेकडीवरून सगळं युद्ध बघतं. यावर तीन बाणांचा, बाजू बदलत राहण्याचा गेम करा. फक्त राजस्थानात खाटूला तो श्यामबाबा म्हणून पुजला जातो, तेव्हा त्याला खड्ड्यात पाडण्याआधी वरचा 'खेळणाऱ्याच्या हातात देव द्यावा का?' हा प्रश्न पुन्हा वाचा.